चाकात तोंड दिसेपर्यंत

२४ सप्टेंबर, बुधवार

कारखान्याच्या लॉगबुकात शेऱ्याचा रकाना दोन इंच रुंद आहे. माझं तेवढ्यात भागत नाही. बेअरिंगवाल्याने जानेवारीत दिलेली ही डायरी नऊ महिने कोरी पडली होती, म्हणून आजपासून तिला कामाला लावते.

आज इंद्रजीत सरांनी मीटिंग घेतली. सर म्हणजे आमचे मालक, वय एकोणतीस. वडिलांकडून कारखाना हातात आला तेव्हा चुंबक म्हणजे फ्रिजच्या दारावर प्लास्टिकची कैरी चिकटवतात ते, एवढंच त्यांना ठाऊक होतं. दोन वर्षांत बरीच प्रगती आहे. आता ते त्याला 'स्ट्रॅटेजिक मटेरियल' म्हणतात.

बातमी अशी की पुण्याची एक मोटार बनवणारी कंपनी आमचा नमुना बघायला तयार झाली आहे. बाहेरून येणारे चुंबक अडकलेत, तेव्हा कुठे त्यांना आमची आठवण झाली. ३ नोव्हेंबरला त्यांच्या माणसासमोर नमुना काढून दाखवायचा. उतरला तर ऑर्डर. नाही उतरला तर चुंबक विभाग बंद आणि शेड गोदामासाठी भाड्याने. विभागात आम्ही सात जण आहोत.

"मॅडम, नो प्रेशर," सर म्हणाले आणि कॅलेंडरवर तीन तारखेभोवती लाल गोल काढला. पेन दाबून काढल्यामुळे तो डिसेंबरपर्यंत उमटलाय.

२७ सप्टेंबर, शनिवार

सगळा प्रश्न एका आकड्याचा आहे. चुंबकाला उलट्या दिशेने जोर लावत जायचं आणि किती जोरावर तो पालटतो ते बघायचं. पुस्तकात या गुणाला भारदस्त नाव आहे, मी त्याला हट्ट म्हणते. पुण्याच्या लोकांना हट्ट बारा हवा. आमचा साडेदहाच्या वर चढत नाही. घरी माझ्या लेकीचा, सृष्टीचा मोजायला गेले तर यंत्र मोडेल, पण बारावीच्या मुली मोटारीत बसवता येत नाहीत.

सरांनी आज शेडमध्ये येऊन विचारलं, "पण हे कण बारीकच का पाहिजेत? मोठे केले तर स्ट्राँग नाही होणार?"

मी फळा ओढला. निओडिमियम, लोखंड आणि बोरॉन यांचा रस फिरत्या तांब्याच्या चाकावर सोडला की तो टेकताक्षणी गोठतो, केसापेक्षा पातळ पट्ट्या उडतात. जितका झटकन गोठेल तितके आतले कण बारीक आणि एकसारखे. मग त्याच पट्ट्या दहा मिनिटं भट्टीत. इथपर्यंत येईतो सर मोबाइल बघायला लागले होते. तेव्हा मागून सांडूभाऊ बोलले. सांडूभाऊ आमचे भट्टीवाले. पिशोरचे. वीस वर्षं भट्टीपुढे, त्याआधी वडिलांच्या मेंढरांमागे.

"सर, आमच्या बाची दोनशे मेंढरं व्हती. समदी एका जागी बसवली की लांडगा नुसता खाकरला तरी दोनशेच्या दोनशे उधळायची. मग बा वीस-वीसचे वाडे करायचा, मधी बाभळीच्या काट्या. उधळला तर एक वाडा उधळतो. बाकीची रवंथ करत बसत्यात."

सर म्हणाले, "ओके. म्हणजे लांडगा इज द हीट."

"लांडगा लांडगाच असतो, सर," सांडूभाऊ म्हणाले.

मी या विषयात पीएचडी केली, त्याला साडेपाच वर्षं लागली.

१ ऑक्टोबर, बुधवार

खंडेनवमी. पट्ट्या काढायच्या यंत्राचं दार हातमोज्यांशिवाय उघडू नये, असं मीच लिहून तिथे चिकटवलंय. आज ते दार सकाळपासून उघडं आणि त्यावर झेंडूची माळ. माझी सूचना माळेखाली शोभून दिसत होती.

सारजाबाई आतल्या चाकापुढे पाट टाकून बसल्या होत्या. त्या आमच्याकडे झाडलोट करतात आणि चहा करतात. एका वाटीत भिजवलेली चिंच, मीठ, दुसरीत चाळलेली राख.

"सारजाबाई, हे काय चाललंय?"

"पूजा करायची अन् असं काळंमिट्ट चाक? देवाचं तांबं असं ठेवतंय का कुणी?"

ताटाएवढं चाक त्यांनी दोन तास घासलं. नव्या कळशीसारखं झळकायला लागलं. मी एवढंच बजावलं की हळदीकुंकू चाकाला लावायचं नाही, बाहेरच्या पत्र्याला लावा. त्यांनी ऐकलं. आधुनिक विज्ञानाचा आजचा विजय एवढाच.

३ ऑक्टोबर, शुक्रवार

हट्ट १२.६.

तीनदा मोजला. यंत्र बंद करून पुन्हा सुरू करून मोजला. १२.६.

आज मी चाकाचा वेग सेकंदाला बावीस मीटरवरून चोवीस केला होता. कित्येक महिने मनात होतं, धीर होत नव्हता. शेवटी अभ्यास कामाला येतो. सृष्टीला सांगितलं तर म्हणाली, "म्हणजे तू फक्त बटण फिरवलंस?" सोळा वर्षांच्या अनुभवाने फिरवलं, म्हटलं. ती म्हणाली, "बटणाला कळलं असेल."

७ ऑक्टोबर, मंगळवार

काल १२.८, आज १२.७. सर याला 'सत्यशीला प्रोटोकॉल' म्हणायला लागले आहेत. त्यांनी स्लाइडवर माझा फोटो टाकलाय, तो आधारकार्डावरचा आहे. तरी पाहून बरं वाटलं. हे इथे लिहायला हरकत नाही.

सारजाबाईंनी आज चहाबरोबर अर्धी भाकरी आणि ठेचा ठेवला. मी डबा आणला नाही हे त्यांना कसं कळतं कोण जाणे. विचारलं तर म्हणाल्या, "तुमी सकाळपास्नं तिसऱ्यांदा पाणी प्यायलात."

९ ऑक्टोबर, गुरुवार

११.१. सगळं तेच. वेग चोवीस, तापमान तेच, वेळ तीच. मग हे काय?

त्यात आज चहाही मलाच करावा लागला. सारजाबाई दर जुम्मेरातीला खुलताबादला दर्ग्यात उदबत्ती लावायला जातात. पंधरा वर्षांत एकदाही चुकवलेलं नाही. आमचं निकालपत्रक एवढं नियमित असतं तर काय हवं होतं.

१० ऑक्टोबर, शुक्रवार

आज पुन्हा १२.७.

मी शांतपणे विचार केला. काल काय वेगळं होतं? काल गुरुवार होता. सांडूभाऊंचा गुरुवारचा उपवास असतो. उपाशी माणसाचं घड्याळाकडे लक्ष राहत नाही. पट्ट्या भट्टीत दहाऐवजी पंधरा मिनिटं राहिल्या, कण फुगले, हट्ट पडला. सरळ आहे. शोधाचा आनंद झाला आणि थोडं वाईटही वाटलं, कारण माणूस चांगला आहे.

११ ऑक्टोबर, शनिवार

आज आठलाच पोचले. शेडमध्ये सारजाबाई खांद्यापर्यंत हात यंत्रात घालून बसलेल्या. पदर चाकापासून वीतभर. सांडूभाऊंनी दार उघडून दिलेलं, ते बाजूला उभे राहून तंबाखू मळत होते.

"रोज चालतं हे?"

"खंडेनवमीपास्नं," सारजाबाई म्हणाल्या. "एकदा पूजलं की मग काळं ठेवायचं नसतं."

मला एकदम तीन तारीख दिसली. पुण्याचा माणूस, आणि त्याच्यासमोर यंत्रात गुंतलेला पदर. मी ओरडले. नंतर नोटीस टाइप केली: 'प्रशिक्षित कर्मचाऱ्यांखेरीज कुणीही यंत्राला हात लावू नये. सफाई कर्मचाऱ्यांनी फक्त व्हरांडा व कार्यालय झाडावे.' सही केली, शिक्का मारला. चाकाच्या सफाईचा नियम माझ्या यादीत आहेच: दर दहा वेळा रस सोडल्यावर ४०० नंबरचा पॉलिश पेपर. तिथे दर वेळी बरोबरची खूण असते.

सारजाबाईंनी वाटी उचलली आणि गेल्या. नोटीस त्यांना वाचता येत नाही, पण वाचायची गरज नव्हती.

१६ ऑक्टोबर, गुरुवार

सोमवारी ११.९. मंगळवारी ११.४. काल १०.९. आज १०.६.

बोरॉन किंचित वाढवून पाहिला. वेग पंचवीस केला, सव्वीस केला. सत्यशीला प्रोटोकॉलची सत्यशीलालाच ओळख पटेना. सरांनी स्लाइडवरून फोटो काढला. म्हणाले, "सध्यापुरता."

१८ ऑक्टोबर, शनिवार

सांडूभाऊंशी बोलले. नीट बोलायचं ठरवलं होतं.

"सांडूभाऊ, भट्टीतला वेळ बरोबर पाळताय ना?"

"म्हंजी?"

"गुरुवारी तुमचा उपवास असतो. माणसाचं लक्ष जातं."

त्यांनी भट्टीचं दार लावून घेतलं. मग म्हणाले, "म्याडम, मी गुरुवारी उपाशी असतो, आंधळा नसतो." थोड्या वेळाने: "चाक काळं पडलंय. सोमवारीबी बोललो मी."

"मी यादी पाहिलीय. पॉलिश पेपर मारलाय."

"मारलाय. लई ओरखडे पडलेत त्याला."

"रीडिंग दाखवा मग. काळं पडलंय हे काही रीडिंग नाही."

त्यांनी हातमोजे काढून टेबलावर एकावर एक ठेवले. दिवाळीची सुटी चार दिवस आधीपासून घेतो म्हणाले आणि पिशोरच्या गाडीला गेले. मी म्हटलं, जाऊ दे. निदान घड्याळाकडे बघणारा दुसरा कुणी मिळेल. दुसरा कुणी म्हणजे मी. आज मी घड्याळाकडे पापणी न हलवता दहा मिनिटं बघितलं.

१०.५.

२१ ऑक्टोबर, मंगळवार

लक्ष्मीपूजन. औरंगपुऱ्यात जाऊन लाह्या-बत्तासे आणले. रिक्षावाल्याला गर्दीने आणि मला रिक्षावाल्याने वैताग आणला. घरी येऊन ताम्हण काढलं तर काळं. सृष्टीला सांगितलं, तिने मोबाइलवरची मान वर न करता "पीतांबरी आण" म्हटलं. दुकानं बंद व्हायला आली होती, मग चिंच भिजवली. घासता घासता रडायला आलं. सात घरांच्या दिवाळ्या आणि मी ताम्हण घासतेय. ताम्हणात पाणी सोडलं तर आधी ते थेंबाथेंबाने फुटून पळत होतं, घासल्यावर सगळीकडे एकसारखं पसरलं. छान दिसलं. बाकी आज लिहिण्यासारखं काही नाही.

२४ ऑक्टोबर, शुक्रवार

विद्यापीठातल्या तनुजाने सुटीत येऊन माझ्यासाठी इलेक्ट्रॉन सूक्ष्मदर्शक सुरू केला. माझी विद्यार्थिनी होती, आता त्या यंत्राची ती मालकीण आहे. पूर्वी मी तिला ओरडायचे, तिने आज मला लाडू दिला. तीन ऑक्टोबरच्या चांगल्या पट्ट्या आणि अठराच्या वाईट पट्ट्या शेजारीशेजारी बघितल्या.

चांगल्यांत कण पेरलेल्या ज्वारीसारखे एकसारखे. वाईटांत मधूनमधून थोराड कण, दसपट मोठे. ते सगळीकडे नव्हते. पट्टीची जी बाजू चाकाला टेकते तिथे खड्डे होते, बारीक, लांबट, एका दिशेने ओढल्यासारखे. आणि प्रत्येक खड्ड्याच्या डोक्यावर थोराड कणांचा पुंजका.

तनुजा म्हणाली, "मॅडम, भट्टीत जास्त वेळ राहिलं असतं तर सगळेच फुगले असते ना? हे तर फक्त खड्ड्यांवर फुगलेत. इथे रस चाकाला टेकलाच नाही. मधे हवा अडकली. तेवढा भाग सावकाश गोठला." मग म्हणाली, "तुम्हीच शिकवलंय."

मी तिला लाडू चांगला झालाय म्हटलं.

घरी येऊन कपाटावरून माझा प्रबंध काढला. पान एकोणनव्वद, स्वतः मी, सोळा वर्षांपूर्वी: 'चाकाच्या पृष्ठभागाची स्थिती हा निर्णायक घटक आहे.' खाली गाइडने हिरव्या पेनने 'उत्तम' लिहिलंय.

मग ताम्हण आठवलं. पाणी आधी कसं पळत होतं, ते.

मग तारखा लिहून काढल्या. एक ऑक्टोबर, चाक घासलं. तीन ते आठ, उत्तम. नऊ, गुरुवार, सारजाबाई खुलताबादला: घसरण. दहा, परत उत्तम. अकरा, नोटीस. त्यानंतर उतार. इतका सुंदर आलेख माझ्या आयुष्यात मी काढलेला नाही. यात सांडूभाऊंचा उपवास कुठेही बसत नाही. बसतो तो माझा शिक्का.

२७ ऑक्टोबर, सोमवार

सकाळी सारजाबाई व्हरांडा झाडत होत्या. मी पुढे जाऊन उभी राहिले. त्यांनी माझ्या पायांभोवतीचं झाडून घेतलं.

"सारजाबाई, चाक घासायचंय."

"मी व्हरांड्याची बाई हाय, ताई. परशिक्षण नाय आमाला."

"माझं चुकलं."

"ते कागदावर नाय लिवलेलं. कागदावर दुसरंच लिवलंय."

मी आत जाऊन नोटीस काढून आणली. डिंक चांगला होता, भिंतीचा रंग घेऊनच निघाली. त्यांनी ती घडी घालून कमरेला खोचली. चूल पेटवायला उपयोगी पडेल म्हणाल्या.

मग म्हणाल्या, "तुमी रोज त्या चाकाकडं बघून उसासा टाकायच्या. मला वाटलं, हिचं समदं त्याच्यात अडकलंय, तर निदान लख्ख तरी राहू दे."

मी त्यांना यंत्रापाशी नेलं. पदर बांधायला एप्रन आणि हातमोजे दिले. हातमोजे त्यांनी लगेच काढून ठेवले; चिंचेला हात लागला पाहिजे म्हणे. मी पहिल्यांदाच शेजारी बसून बघितलं. चिंच जुनी, काळी झालेली हवी, नवी चालत नाही. पॉलिश पेपरचे ओरखडे जाईपर्यंत राखेने, फिरत्या दिशेने, घाई न करता.

"थांबायचं केव्हा?"

"तोंड दिसेपातुर."

मग पिशोरला फोन लावला. सांडूभाऊंच्या घरून बकऱ्यांचा आवाज येत होता. मी पाठ केलेली वाक्यं म्हणून दाखवली. ते म्हणाले, "व्हय." मी पुन्हा म्हटलं. ते म्हणाले, "येक डाव बोललात ते बास हाय. उद्या येतो."

वेग मुद्दाम बावीसवर आणला. दसऱ्याआधीचाच. १२.७. म्हणजे सत्यशीला प्रोटोकॉलचं योगदान शून्य पूर्णांक शून्य. लॉगबुकात तसं लिहिलंय.

३ नोव्हेंबर, सोमवार

पुण्याहून करुणा नावाची मुलगी आली, गुणवत्ता विभागाची. तिशीच्या आतली, चेहऱ्यावर काही दाखवत नव्हती. इंद्रजीत सरांनी तिला हार घातला, तो तिने लगेच काढून खुर्चीला घातला. तिथेच मला ती आवडली.

रस सोडला. चाकावरून पट्ट्या एकसारख्या उडाल्या, आवाजही वेगळा येतो, फडफड न होता सरळ. सांडूभाऊंनी दहा मिनिटं घड्याळाकडे पाहिलं, मी सांडूभाऊंकडे पाहिलं. त्यांच्या ते लक्षात आलं असावं. मोजणीला तिघांचे श्वास थांबले होते, सरांचा नाही, ते फोनवर होते.

१२.९. गरम करून मोजल्यावरही तिच्या मर्यादेत.

करुणाने फॉर्म काढला. "चाकाच्या पृष्ठभागाची तयारी. पद्धत?"

सर म्हणाले, "प्रोप्रायटरी ऑरगॅनिक सरफेस ट्रीटमेंट."

"म्हणजे?"

मी म्हटलं, "चिंच."

तिने लिहिलं. खरंच लिहिलं. "स्वीकारायचा निकष?"

"घासणाऱ्याला चाकात आपलं तोंड दिसलं पाहिजे."

पेन थांबलं. मग तिने तेही लिहिलं आणि म्हणाली, "माझ्या आजीचा हाच होता." तीन महिन्यांची चाचणी ऑर्डर मिळाली. विभाग चालू राहणार, सातच्या सात. सर म्हणाले, आपण टीम म्हणून ग्रो झालो. सारजाबाईंनी त्यांना चहा दिला, साखर न घालता. विसरल्या म्हणे.

६ नोव्हेंबर, गुरुवार

जुम्मेरात. सारजाबाई खुलताबादला. काल जाताना चिंच भिजवून, राख चाळून ठेवून गेल्या, आणि मला एवढंच म्हणाल्या, "बगा जमतंय का."

साडेसातला पाटावर बसले. तासभर घासलं. नखं काळी, कंबर गेली. शेवटी वाकून पाहिलं तर चाकात मी होते: केस पांढरे, चष्म्यावर राख, पण स्पष्ट.

"झालं, सांडूभाऊ. तोंड दिसलं."

ते मागून आले. उपाशी, वेळेवर. वाकून पाहिलं.

"अजून नाय."

"अहो, दिसतंय की मला."

"तुमचं तोंड तुमाला दिसंलच, म्याडम. त्यात काय मोठं." ते माझ्या खांद्यामागे दोन हात अंतरावर जाऊन उभे राहिले. "मागं उभं ऱ्हायलेलं माणूस दिसाय पाहिजे. सारजाबाई तवर सोडत नाय."

मी आणखी अर्धा तास घासलं. मग ते दिसले.